मुठीचं माप

तुम्ही मघाशी विचारलंत, भिंतीवर एवढ्या तलवारी टांगल्या आहेत, मग खंजीर एकही कसा नाही. सांगते. आधी चहा घ्या, गार होतोय.

आम्ही दोघं भावंडं. दादा पाती घडवतो, मी मुठी बसवते. वडिलांपासूनचं काम. जुन्या तलवारी-खंजिरांच्या नकला करायच्या, हौशी लोकांच्या दिवाणखान्यासाठी. धार कशालाच नसते. दादा गिऱ्हाइकाला हसत सांगतो, आमच्या तलवारीनं लोणी कापून दाखवा, तलवार तुमची. पण दिसायला अशी, की जाणकारानंही दोनदा बघावं. मूळ मुठीचं लाकूड धरून धरून जिथे झिजलेलं असतं, तिथेच मी नव्या लाकडाला झीज आणते.

एकदा दुपारी मी एका दाताच्या डॉक्टरांकडे माप घ्यायला गेले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालेली. खाली बंद दवाखाना, वर घर. जिन्यावरून जाताना दवाखान्यातली ती खुर्ची दिसायची, पांढऱ्या चादरीखाली कुणी मागे रेलून बसल्यासारखी. घरभर लवंगेच्या तेलाचा वास मुरलेला. जुन्या वस्तूंवर ऊन पडू नये म्हणून पडदे ओढलेले, त्यामुळे बाहेर तीन वाजलेले असले तरी आत दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी एक खंजीर विकत घेतला होता. वीतभर पातं, गडद लाकडाची मूठ. तो कपाटात कुलपात ठेवायचा आणि भिंतीवर नक्कल लावायची, असं त्यांचं ठरलं होतं. खरा मात्र घराबाहेर जाता कामा नये. त्यांनी मला दातांचं माप घ्यायचं गुलाबी मेण दिलं, कोमट पाण्यात ते कसं मऊ करायचं ते दाखवलं, कवळीपेक्षा सोपं आहे म्हणाले, आणि कपाटाची किल्ली करून आणायला बाहेर पडले. त्यांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघरात निघाल्या. जाता जाता त्या मला एवढंच म्हणाल्या, की खोलीचं दार उघडंच ठेव.

मी मेण मुठीभोवती दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं आणि थंड व्हायला ठेवून दिलं. खोलीत मी एकटीच. दहा मिनिटं होऊ दिली. मग सुरीनं कड सोडवून साचा उघडला.

आत मुठीचा ठसा नव्हता.

चार बोटांचा होता. एकाला एक लागून, मूठ आवळून धरलेली बोटं. सांध्यांवरच्या वळ्या, नखांच्या कडा, सगळं मेणात उतरलेलं. दुसऱ्या अर्ध्यात अंगठा. माझ्याच हाताचं काहीतरी झालं असेल म्हणून मी माझी बोटं त्या खळग्यांत घालून पाहिली. ती आत सैल राहिली. माझ्या बोटांपेक्षा ती पेरभर लांब होती. आणि मेण, जे आतापर्यंत दगडासारखं गार व्हायला हवं होतं, ते आतून ऊबदार होतं.

मी हाक मारली नव्हती, तरी काकू दारात आल्या. त्यांनी साचा पाहिला. मला वाटलं ओरडतील. त्या खाली जमिनीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

"म्हणजे मी नाही ना गं?" त्या म्हणाल्या. "मी नाही..."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. खंजीर घरात आल्यापासून दुपारी डोळा लागून उठलं की तो भिंतीवर नसायचा. पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर सापडला. मग घरातल्या बोळात. मग त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर. परवा उशीशेजारी, पातं त्यांच्याकडे करून. डॉक्टरांची खात्री होती की झोपेत त्याच उठून हे करतात. वयामुळे होतं, म्हणायचे. पुढच्या महिन्यात डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. ते कपाट, ते कुलूप, ती किल्ली, सगळं बायकोपासून खंजीर लपवायला होतं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले होते, आणि काकूंना खंजिरापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती.

साचा डॉक्टरांना दाखवू या, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. दाखवला तर हे खंजीर जास्तच जपून ठेवतील, म्हणाल्या, यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. त्यांनी माझं मनगट धरलं. "दोन कर. एक भिंतीला, एक कपाटाला. आणि खरा घेऊन जा बाई इथून... कुठेही ने."

मी मेण गरम पाण्यात टाकलं. बोटं विरघळली. मग दोऱ्यानं आणि मापपट्टीनं जमेल तेवढं माप घेतलं.

दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, पण विश्वासही ठेवला नाही. म्हातारीचा जीव शांत होत असेल तर आपलं काय जातं, एवढंच म्हणाला. पंधरा दिवसांत दोन्ही नकला तयार झाल्या. मी त्या घेऊन गेले. डॉक्टर चष्मा शोधायला आत गेले तेवढ्यात काकूंनी अदलाबदल केली. डॉक्टरांनी माझीच नक्कल खरी समजून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

खरा माझ्या पिशवीत. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. तीन थांबे गेल्यावर लक्षात आलं, मांडीवर वजनच नाही. पिशवीचे बंद वर ताठ उभे होते, कुणीतरी हातात धरल्यासारखे. मी उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत काढला. शेजारी बसलेली बाई मधेच उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसली, का ते मी विचारलं नाही.

दादानं मूठ आधी उपटून भट्टीत टाकली. लाकूड जळाल्याचा वास आला नाही. केस जळाल्याचा आला. मग पातं लाल करून ऐरणीवर चेचलं, त्याचा आकार पार गेला तोवर. नंतर तो नळाखाली हात धूत बराच वेळ उभा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, काही नाही, धरलं होतं तेव्हा जरा जड लागलं. खंजीर मात्र त्यानंतर त्यानं एकही घडवलेला नाही.

तीन आठवडे बरे गेले. मग एके सकाळी काकूंचा फोन आला. आवाज ताजातवाना. दुपारची झोप लागते म्हणाल्या, काही हलत नाही, डोक्याच्या डॉक्टरांकडे जाणंही रद्द झालं. मला इतकं हलकं वाटलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कुणाला पाठवलं होतंत का आमच्याकडे?"

मी नाही म्हटलं.

काल भरदुपारी एक गृहस्थ आला होता. उंच, बोलायला अदबशीर. तुमच्याकडचा खंजीर बघायचा आहे म्हणाला. डॉक्टरांना तेवढंच हवं असतं. त्यांनी भिंतीवरचा काढून दिला. त्यानं तो हातात धरला, परत दिला. मग डॉक्टरांनी कौतुकानं कपाट उघडलं आणि दुसरा दिला. तोही त्यानं धरला. जरा जास्त वेळ धरला. आणि कारागीर कोण, असं विचारलं. हा खरा आहे, याला कसला कारागीर, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.

"मग?" मी विचारलं.

"मग यांनी तुमचं कार्ड दिलं." काकू म्हणाल्या. "मी समोरच उभी होते गं. उजेड होता. पण त्याचा चेहरा... मला आता आठवतच नाही. यांनाही आठवत नाही."

फोन ठेवला. दादाला काय सांगायचं, कसं सांगायचं, याचा विचार करण्यातच सकाळ गेली. दुपारी आम्ही मागच्या खोलीत जेवायला बसलो. कारखान्याच्या दाराला आतून कडी होती, मी स्वतः घातली होती. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा कडी तशीच होती. भिंतीवर अकरा तलवारी होत्या, अकराच्या अकरा जागच्या जागी. काही गेलेलं नव्हतं, काही पडलेलं नव्हतं.

दादानं पहिली उतरवायला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मूठ ओली होती. दुसरीही. सगळ्याच ओल्या होत्या, पाण्यानं नव्हे, घामानं. कुणीतरी एकेक तलवार उतरवून, नीट धरून, मनासारखी नाही म्हणून परत टांगत गेलं होतं.

मी फडकं घेऊन पुसायला लागले. पहिल्या मुठींवरचा घाम गार पडला होता. पुढे पुढे तो कोमट लागत गेला. दारामागच्या कोपऱ्यातल्या अकराव्या मुठीवर मी हात ठेवला, तेव्हा ती गरम होती.