आडावर ठेवलेलं मशीन

ही गोष्ट ऐकून कुणी हसलं, तर जेनिफर वाद घालत नाही. उठते आणि मागची मोरी दाखवते. घर अजून तेच आहे, मशीनही तेच.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

गेल्या एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे पावणेदोन. नेवाशात, प्रवरेकडे उतरणाऱ्या गल्लीतलं तळमजल्यावरचं भाड्याचं घर. दहा महिन्यांचा नोहा झोळीत झोपला होता. मोरीत कपडे धुण्याचं मशीन चालू होतं.

आणि मग… तो आवाज आला.

थेंब थेंब गळण्याचा नाही. भरलेला हंडा कुणीतरी एका दमात उपडा करावा, तसा.

तीन आठवडे हेच चाललं होतं.

जेनिफर मुळातच काळजीखोर. नोहा रांगायला लागल्यापासून ती प्लगच्या भोकांनाही भ्यायची. त्यात ओली फरशी आणि शेजारी विजेचं मशीन. पण घर सोडणं तिला परवडणारं नव्हतं. याआधी सहा ठिकाणी, आडनाव ऐकून आणि गळ्यातला क्रॉस बघून, "आमचेच पाहुणे राहायला येणारेत" म्हणत दारं लागली होती. घरमालकीण केशरबाईंनी काही न विचारता किल्ली दिली होती. नवरा रॉबिन शिकवायचा ती शाळाही दहा मिनिटांवर.

म्हणून तिने गळती शोधायला घेतली. बी.एस्सी. झालेली बाई, पद्धतशीर शोधली. नळाच्या जोडाला टेफलॉन टेप गुंडाळली. दाराचं रबर पुसून कुठे चीर आहे का, बोट फिरवून पाहिलं. खालचा फिल्टर उघडला, त्यात नोहाचा हरवलेला मोजा निघाला.

गळती थांबली नाही.

मग अझीम मेकॅनिक आला. मशीनचं वाया जाणारं पाणी संडासात वापरता यावं म्हणून तिने सांडपाण्याचा पाइप खाली ड्रममध्ये सोडला होता. तो बघून अझीम हसला.

"ताई, पाइप इतका खाली सोडल्यावर मशीन भरतं तसं रिकामं होतं, ड्रम भरून वाहतो. तोंड वर पायजे." त्याने पाइप उंच अडकवला. "आता गळालं तर मिशी उतरवतो."

दोनच दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी त्याने मशीनखाली वर्तमानपत्रं पसरली. जिथून गळेल तिथला कागद भिजेल.

अर्धा तास झाला. कागद कोरडे. अझीम चहाचा कप तोंडाला लावणार, एवढ्यात…

कुर्र… कुर्र…

गंजलेल्या रहाटासारखं काहीतरी. आणि पाठोपाठ घळ्ळ.

दोघं मोरीत धावले. मशीनखालचे कागद खडखडीत कोरडे होते. मशीनचं दार घट्ट बंद. आतलं पाणी मात्र संपलेलं, आणि सगळं दारासमोर फरशीवर.

अझीमने आपली हत्यारं गोळा केली. "मशीनला काय झालेलं न्हाई ताई."

"आणि मिशीचं काय?"

तो हसला नाही.

त्यानंतर एकदा नोहा फारच रडत होता, म्हणून केशरबाईंनी नळ सोडून मशीन लावलं. एक थेंब सांडला नाही. पुढच्या खेपेला जेनिफरने मुद्दाम त्यांनाच नळ सोडायला लावला. फरशी कोरडी. त्यानंतर स्वतः सोडला.

घळ्ळ.

"काकू, या मोरीत काय आहे?"

केशरबाई उंबऱ्यावर टेकल्या.

"खाली आड हाय, बुजवलेला. माझी आजेसासू, बनुबाई, दिसभर कठड्यावर बसायची. तुमच्या वस्तीच्या बाया लांब उभ्या ऱ्हायच्या, कुनी वरून पानी वाढंल म्हनून. चुकून कुनाचा हात लागला, की म्हातारी भरलेला हंडा उलथून द्यायची. बहात्तरच्या दुष्काळात सुदिक. मी बघितलंय पोरी. बोलले न्हाई कधी." मग हळूच म्हणाल्या, "मी सोडत जाईन तुझा नळ. त्यात काय एवढं?"

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण जेनिफरला तिची आजी दया आठवली. दया सांगायची, तहानेपेक्षा ते उभं राहणं जड जायचं.

"नको काकू. नळ मीच सोडणार."

हे सोमवारी झालं. आणि मंगळवारी, पावणेदोनला, तिने सोडलेलं पाणी पुन्हा फरशीवर होतं.

तिने ते पुसलं. पुन्हा नळ सोडला.

घळ्ळ.

पुसलं. तिसऱ्यांदा सोडला.

कुर्र… घळ्ळ.

नोहा जागा झाला. तिने त्याला कडेवर घेतलं. मोरीत गेली. बादली काठोकाठ भरली. कोपरापर्यंत हात आत घातला. मग नोहाची मूठ उघडून त्याचा तळवाही पाण्यात बुडवला.

"शिवलं," ती म्हणाली. "मी शिवलं, माझ्या लेकानं शिवलं. ओत आता."

मोरीत एकदम गारवा आला. कुजक्या दोराचा वास…

बादलीची कडी आपोआप वर उठली.

जेनिफरने ती पकडली. समोरून हिसका बसला. कडी बर्फासारखी, बोटं बधिर झाली. तिने सोडली नाही.

"वर टाकी भरलेली आहे. तू ओत, मी भरते. बघू कोण आधी दमतं."

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. मग कडी खणकन खाली पडली. त्या दिवशीचं धुणं शेवटपर्यंत झालं.

आता बरेच दिवस काही होत नाही. क्वचित सांडतं. ती पुसते, पुन्हा नळ सोडते.

पण परवाची गोष्ट तिने रॉबिनलाही सांगितलेली नाही.

नोहा आता चालतो. पाणी म्हटलं की धावणारा पोरगा, परवा मोरीच्या उंबऱ्याबाहेर चार हात लांब उभा होता. मान खाली. दोन्ही हातांची ओंजळ पुढे…

वरून कुणीतरी पाणी घालेल, याची वाट बघत.

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

जेनिफरने त्याला उचललं, आत नेलं. त्याचा हात नळावर ठेवला, त्यावर आपला.

"सोड बाळा. आपलाच आहे."

मागे रहाट कुरकुरला…

तिने वळून पाहिलं नाही. नळ पूर्ण सोडला.