सातव्या चॅनलवरची ढोलकी

ए, मोबाईलच्या बत्त्या बंद करा आधी. लाईट येईल तवा येईल, तारांवर जन्म गेला माझा, मला शिकवू नका. अन् मधी कुणी खी-खी केलं तर मी उठून घरी जाईन. ही ऐकीव गोष्ट न्हाई. आपल्या झरी गावातलीच हाय. ज्याच्यासंगं झाली तो धम्मानंद आजबी इथंच राहतो. पण त्याला इचारू नका. चिडतो.

दोन वर्षं झाली. मार्चची अठ्ठावीस तारीख. त्या दिवशी दुपारी धम्मानंद परभणीला गेला होता, एक वायर आणायला. घरातल्या मागच्या खोलीत त्यानं लॅपटॉप अन् माईक मांडलेला. दरसाली जयंतीला त्याची बहीण सुकेशनी गायची, तो गाणं रेकॉर्ड करायचा. पण त्या साली पोरीच्या गळ्यात गाठ निघाली. चार दिवसांवर ऑपरेशन. डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं, जीव वाचंल, आवाजाचं सांगता येत न्हाई.

म्हणून आदल्या दिवशी त्यानं तिचं गाणं घेतलं. तीनदा गळा बसला. चौथ्यांदा कसंबसं पुरं झालं. "बस दादा, आता माझ्याच्यानं होत न्हाई," म्हणाली. तेवढाच आवाज त्याच्याजवळ. बिघडला तर दुसरा मिळायचा न्हाई.

राहिली ढोलकी. सुकेशनी फ्रॉकात होती तवापासून तिच्या मागं सटवाजी मामाच वाजवायचे. ते आदल्या दिवाळीला वारले. मग काय, कॉम्प्युटरची ढोलकी.

ह्या कॉम्प्युटरच्या वाजंत्रीचं एक असतं बगा. ढोलकी, डफ, टाळ, खंजिरी, सगळं एकाच वाटेनं बाहेर येतं. लाईटच्या एका डीपीवर सारं गाव जोडल्यावानी. ढोलकी कमी करावी तर टाळबी कमी. म्हणून ज्याला त्याला निराळं चॅनल द्यावं लागतं, निराळ्या फ्यूजसारखं. धम्मानंद रातचं जेवण करून बसला. ढोलकी पाठवली एकवर, वाजली तीनवर. तीनची उपटून एकवर आणली, तर टाळच गायब. नावं दिली, रंग दिले, सेव्ह केलं. उघडून बगतो तर सगळा चिवडा! "च्या मायला ह्याच्या!" म्हणून त्यानं टेबलावर बुक्की हाणली. चहाचा कप आडवा झाला.

दोन तास मगजमारी करून एकदाची वाजंत्रीची सहा चॅनलं जागेवर बसली. तरी गाणं बसंना. सुकेशनी दम घ्यायला थांबायची, मशीन थांबायची न्हाई. ती ओळ उचलायच्या आत ढोलकी पुढं गेलेली. तिचा आवाज तोडून जुळवायला गेला तर शब्दच कापले जायले. सटवाजी मामा पोरीच्या खांद्याकडं बगत वाजवायचे. खांदा वर झाला की थाप रोखून धरायचे. मशीनला कुठला खांदा दिसतोय? धम्मानंद पार रडकुंडीला आला.

शेवटी वैतागून त्यानं सहाच्या सहा चॅनलं बंद केली. नुसता बहिणीचा आवाज ऐकावा म्हणला. लावला.

आवाजासंगं ढोलकी वाजायली.

सातव्या चॅनलचं मीटर हलत होतं. हिरवी पट्टी... वर, खाली. सातला तर काहीच जोडलेलं न्हाई! बंद केलं. वाजतंच. पुसून टाकलं. परत आलं. त्यानं मला फोन लावला. साडेअकरा वाजलेले. "काका, अर्थिंगचा काहीतरी लोचा हाय." मी शिव्या घालतच गेलो. बोर्ड खोलला, वायरी तपासल्या. सगळं ठीकठाक. मी होतो तवर सातवं मीटर गप. "झोप मुकाट्यानं," म्हणलं अन् आलो निघून.

मी गेल्यावर त्यानं हेडफोन लावला. पुन्हा गाणं सुरू केलं.

सुकेशनी गायली. ढोलकी आली.

सुकेशनी थांबली. ढोलकी थांबली.

तिनं दम घेतला... थाप.

जिथं ती अडखळली, तिथं वाट बगितली. एकदाबी चुकली न्हाई. ती थाप धम्मानंदच्या वळखीची होती.

गाणं संपलं.

ढोलकी संपली न्हाई.

त्यानं स्टॉप दाबला. पडद्यावरची रेघ थांबली. थाप चालूच. हेडफोन काढला... आवाज कानात नव्हता. खोलीत होता. पाठीमागं.

"मामा...?"

थांबली.

माणूस दम घेईल, इतका वेळ...

थाप.

त्यानं मान वळवली न्हाई. एक कडवं वाजंल तितकं वाजलं, अन् गप झालं. तो उजाडेपर्यंत तसाच बसून होता. सकाळी बगतो तर सातव्या चॅनलवर ढोलकी छापून आलेली. गाण्याच्या शेवटापर्यंत, अन् वर एक कडवं जास्तीचं.

ते जास्तीचं त्यानं कापून निराळं ठेवलं. गाणं जयंतीला वाजलं. जो तो इचारायचा, ढोलकीवर कोण हाय रे? तो म्हणायचा, कॉम्प्युटर. कापलेल्या तुकड्याचं त्यानं सुकेशनीला बिलकुल सांगितलं न्हाई.

ऑपरेशन झालं. पोरगी वाचली, आवाज गेला. लय वाईट दिवस काढले तिनं, नुसती कुजबुजायची. गेल्या महिन्यात जरासा आवाज फुटला. मुकेपणात तिनं एक नवं कडवं रचलं होतं, त्याच चालीतलं. "दादा, घे रेकॉर्ड करून. वाजवू नको काही, मी नुसती गाते." गायली. दर दोन शब्दांना दम. मधी जोराचा खोकला आला. थांबली, पाणी पिली, मग पुढची ओळ म्हणली.

त्या रात्री धम्मानंदनं मला बोलावून घेतलं. एकट्याची हिंमत नव्हती त्याची. तिचं कडवं त्यानं त्या जुन्या तुकड्यावर ठेवलं अन् लावलं.

दम... थाप. दम... थाप. सगळं जागच्या जागी.

मग तिला खोकला आला.

ढोलकी थांबली. ती पाणी पिईस्तोवर थांबली. तिनं ओळ उचलली, अन् तिच्यासंगं थाप पडली.

तो तुकडा दोन वर्षांमागचा हाय, पोरांनो.