त्या सादेला ओ कुणी दिली?

जे घडलं तेच सांगते. पदरचं काही घातलेलं नाही. व्हर्लीन टॉल्बर्ट माझी शेजारीण. वीस वर्षं ओळखते मी तिला. बाई फटकळ आहे, पण खोटं बोलणारी नाही.

दिवस गुरुवार, ७ ऑगस्ट २०१४. जागा मिसिसिपीतलं आमचं गाव.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भरदुपारची होती.

व्हर्लीन आणि कॉर्लिस ग्रेडी या रक्ताच्या बहिणी नव्हेत. कॉलेजातल्या भगिनी मंडळातल्या. १९७२ साली या दोघी आणि ओलेटा, अशा तिघींनी एकत्र शपथ घेतली होती. त्या दिवसांत नव्या मुलींना उंचीप्रमाणे ओळीनं चालवायचे. पुढचीच्या खांद्यावर मागचीचा हात. सगळ्यांत पुढे बुटकी ओलेटा, मग कॉर्लिस, शेवटी ताडमाड व्हर्लीन.

ओलेटा पुढच्याच हिवाळ्यात मोटार अपघातात गेली. वीस वर्षांची होती.

उरल्या दोघी. लग्नं झाली, नवरे गेले, पण मैत्रीत खंड नाही. कॉर्लिस शाळेत गाणं शिकवायची. साठी उलटली आणि तिला विसरायचा आजार जडला. मुलगा दूर ह्यूस्टनला. मग मंडळातल्या बायकांनी आठवडा वाटून घेतला. रोज एकीनं कॉर्लिसपाशी बसायचं.

गुरुवार व्हर्लीनचा.

त्या दुपारी दोघी कॉर्लिसच्या ओसरीवर होत्या. कॉर्लिस झोपाळ्यावर, हातात बर्फ घातलेला गोड चहा. व्हर्लीन पावटे सोलत होती. उकाडा असा, की कुत्रीसुद्धा खांबांवर उचललेल्या घराखाली शिरलेली.

व्हर्लीनचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा झोपाळा हलत होता...

वर कुणीच नव्हतं.

चपला खाली तशाच. व्हर्लीननं चहाचा पेला उचलला. बर्फ केव्हाच विरघळलेला. चहा कोमट. म्हणजे कॉर्लिसला जाऊन तास तरी झाला होता.

मग झोपाळा कोण हलवत होतं?

तेव्हा हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिनं आधी घर पालथं घातलं. मोरी, माळा, कपाटंसुद्धा. मग अनवाणीच रस्त्यावर धावली. "कॉर्लिस! ए कॉर्लिस!"

पोलिसाला फोन केला. तो म्हणाला, माग काढणारी कुत्री शेजारच्या जिल्ह्यातून यायला दोन तास लागतील.

"दोन तासांत या उन्हात ती मरेल रे!" व्हर्लीन किंचाळली.

मग तिनं मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. पाऊण तासात रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. साठ-सत्तरीच्या बायका काठ्या घेऊन उतरल्या. तीस मैलांवरच्या कॉलेजातून आत्ताच्या मुलीही आल्या. कॉर्लिसला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल.

तोवर येऊन पोचलेला पोलीस म्हणाला, "ही काय मिरवणूक निघालीय का?"

"तुमची कुत्री येईस्तोवर आम्हीच हुंगतो," जनाया नावाची पोरगी म्हणाली. वीस वर्षांची, टक्क डोळ्यांची. ती व्हर्लीनबरोबर पाइनच्या जंगलात शिरली.

तास गेला. दुसरा गेला. हाका मारून व्हर्लीनचा घसा फाटला. पाय रक्ताळले.

"मिस व्हर्लीन," जनाया म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानानं मिस म्हणतात. "पाणी प्या. जरा बसा."

"बसलेच होते गं! बसले म्हणून तर गेली ती. माझ्या स्वाधीन होती. तिच्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू?"

मग ती थांबली. नावानं कॉर्लिसला कळत नसेल, तर...

तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मंडळातल्या बहिणी एकमेकींना शोधायला घालतात ती साद घातली. आधी लांब, मग एकदम वर चढणारी.

"ऊऽऽऽ... वी!"

जंगल गप्प.

आणि मग, लांबून...

"ऊऽऽऽ... वी!"

व्हर्लीन रडायलाच लागली. "तीच! तीच गं! ऐकलंस ना?"

"ऐकलं!" जनायानं तिचा दंड धरला. दोघी धावत सुटल्या.

व्हर्लीन साद घालायची, समोरून ओ यायची. त्या शंभर पावलं पुढे जायच्या.

ओ तेवढ्याच लांबून यायची.

पुन्हा शंभर पावलं. पुन्हा तेवढ्याच लांबून.

किड्यांची किरकिर थांबली होती. केव्हा थांबली, दोघींनाही कळलं नाही.

जनाया उभी राहिली. "मिस व्हर्लीन... कॉर्लिसबाईंचं वय काय हो?"

"बासष्ट. का?"

"हा आवाज माझ्या वयाच्या मुलीचा आहे."

व्हर्लीननं कान दिला. पुन्हा ओ आली. या वेळी तिनं साद घातलीच नव्हती.

"ऊऽऽऽ... वी!"

शेवटाला आवाज जरासा फाटला. कोवळ्या बासरीला चीर गेल्यासारखा.

ती चीर व्हर्लीननं चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. पण विसरली नव्हती. त्यावरून किती चिडवलं होतं त्यांनी तिला!

"ओलेटा..."

जनायाला ओलेटा कोण ते ठाऊक नव्हतं. पण तिचा चेहरा उतरला. "परत फिरू या. बाकीच्यांना घेऊन येऊ."

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. परत जायचं म्हणजे तासाची खोटी. व्हर्लीननं गुडघे टेकले. पाइनच्या काट्याकुट्यांत तिनं कपाळ जमिनीला लावलं.

"ओलेटा, पाया पडते तुझ्या. नेऊ नकोस गं तिला. तिला कळत नाही काही. चूक माझी आहे. कुणाला तरी न्यायचंच असेल तर मला ने."



मग ओ आली. डावीकडून. अगदी जवळून.

जनायानं परतीच्या वाटेकडे एकदा पाहिलं. पण पोरगी पळाली नाही. तिनं व्हर्लीनच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. मी मागे आहे."

झाडी संपली तिथे मासे पाळायचं जुनं तळं होतं. वर्षानुवर्षं कुणी न वापरलेलं. वर सुकलेली खपली, खाली गाळ.

त्या गाळात कॉर्लिस छातीपर्यंत रुतली होती.

मान कललेली. ओठ फुटलेले. डोळे मिटलेले. आणि उजवा हात समोर उचललेला, हवेत. तळवा खाली.

कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा, तसा.

बुटक्या बाईच्या खांद्यावर.

"जिवंत आहे!" जनाया ओरडली. ती पोटावर आडवी झाली, सरपटत पुढे गेली आणि कॉर्लिसला काखेत धरलं. व्हर्लीननं जनायाचे पाय धरले. दोघी गळा फाडून ओरडत राहिल्या. अर्ध्या तासानं माणसं आली, दोर आले. कॉर्लिसला बाहेर काढलं तरी तिचा तो हात खाली येईना. पोलिसानं हळूहळू दाबून तो खाली केला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जीभ सुजून टाळ्याला चिकटली होती. तीन तास तरी या बाईंच्या तोंडून आवाज निघणं शक्य नव्हतं."



कॉर्लिस नोव्हेंबरपर्यंत जगली. मुलगा येऊन राहिला, त्याचा हात धरून शांतपणे गेली.

मंडळाची एक रीत आहे. बहीण गेली की सगळ्या पांढऱ्या कपड्यांत शवपेटीभोवती उभ्या राहतात. अध्यक्षबाई तिचं नाव तीनदा पुकारतात. ओ येत नाही. मग मंडळ तिला निरोप देतं.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी व्हर्लीन अध्यक्षबाईंच्या घरी गेली. "एवढं एक करू नका. हाक मारू नका तिला."

"वेडी आहेस का? मग निरोप कसा द्यायचा?"

"देऊ नका. पण हाक नको."

कुणी ऐकलं नाही. मीही त्या दिवशी चर्चमध्ये होते, मागच्या बाकावर. अध्यक्षबाईंनी एकदा पुकारलं. शांतता. दुसऱ्यांदा पुकारलं. शांतता. व्हर्लीननं शेजारच्या जनायाचा हात घट्ट धरलेला मला दिसत होता.

तिसऱ्यांदा पुकारलं.

शांतता. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही.

पण जनायानं हात झटकन सोडवून घेतला. ती व्हर्लीनच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. व्हर्लीननं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

ती काय बोलली ते व्हर्लीननं मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं.

"मिस व्हर्लीन... तुम्ही कशाला ओ दिलीत?"

व्हर्लीननं तोंडही उघडलं नव्हतं. पण जंगलात 'मला ने' असं तीच म्हणाली होती.

याला आता काही वर्षं झाली. व्हर्लीन ठणठणीत आहे. जनाया नोकरीला लागली, तरी दर गुरुवारी फोन करते. पण व्हर्लीनला कुणी दाराबाहेरून हाक मारली, तर ती ओ देत नाही. कितीही मारा. आत जायचं, तिच्या समोर उभं राहायचं, तोंड दिसलं की मगच ती बोलते. मी तसंच करते.

परवा मी धीर करून विचारलं, "तो आवाज नंतर कधी आला का गं?"

"नाही," ती म्हणाली.

पण ते म्हणण्याआधी ती खिडकीकडे तोंड करून जरा जास्तच वेळ ऐकत बसली होती...