टपावरचा माणूस

पटवून द्यायला सांगत नाही. घडलं तसं सांगतोय. डोंबिवलीत, मानपाडा रोडला, गेल्या मे महिन्यात. आणि रात्री नाही... दिवसाउजेडी. दिपेश माझा शेजारी. हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

त्याची बायको जागृती आजारपणात घरीच असायची. वेळ जावा म्हणून तिने ठाण्यातल्या खोपटच्या माहेराहून लहानपणचा टीव्ही गेम आणवला. कॅसेट एकच. कुठल्याशा इंग्रजी पिक्चरवरची. आजच्या काळातला एक माणूस काउबॉयच्या काळात जाऊन अडकतो. घोडा पळवायचा, गोळ्या चुकवायच्या आणि शेवटी धावत्या आगगाडीच्या टपावरून इंजिन गाठायचं. गाठलं तर आपल्या काळात परत.

जागृती लहानपणी टपापर्यंत कधी पोचली नव्हती. त्या दिवशी पोचली.

तेवढ्यात हॉस्पिटलला न्यायला रिक्षा आली. तिने गेम पॉज केला.

"बंद करू नकोस हां. यात सेव्ह होत नाही. आल्यावर संपवते."

"नाही करत. तू चप्पल घाल आधी."

ती परत आली नाही.

दिपेशने गेम बंद केला नाही. टीव्ही बंद, गेमचा लाल दिवा चालू. शुक्रवारी लाईट जाते म्हणून त्याने इन्व्हर्टरही बसवला.

तेराव्याला जागृतीची धाकटी बहीण कृतिका आली. तिने गेमच्या अडॅप्टरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"जिजू, घर पेटवणार का?"

"राहू दे."

"अहो, भाजतंय ते."

"राहू दे गं."

तो रडला नव्हता. घोडबंदरच्या ऑफिसातून यायचा, टीव्ही लावायचा, बघायचा, बंद करायचा. माणूस मागच्या डब्याच्या टपावर. एक पाय उचललेला.

एक दिवस टीव्ही लावला...

माणूस पुढच्या डब्यावर होता.

पॉजची अक्षरं तशीच. गेमच्या रिमोटवर धूळ तशीच.

त्याने कृतिकाला फोन केला.

"झोपेत खेळता का तुम्ही?"

"मला येत नाही खेळता."

"मग डोळे तपासून घ्या."

चार दिवसांनी तिनेच फोन केला.

"जिजू... आता कुठे आहे तो?"

"अजून एक डबा पुढे."

तिने फोन ठेवला.

दिपेशला भीती वाटली नाही. तो फक्त लवकर घरी यायला लागला.

मग तो शुक्रवार. संध्याकाळी गेटवर वॉचमन भिवा म्हणाला, "सायेब, सकाळपासून लाईट नव्हती. आत्ता आली."

दिपेश जिने चढत धावला. इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती. म्हणजे गेमही गेला. तिने ठेवलेलं तेवढंच होतं, तेही गेलं.

त्याने टीव्ही लावला.

गाडी दिसली. इंजिनासकट.

टपावर कोणी नव्हतं...

पॉजची अक्षरंही नव्हती. मग पडदा काळा झाला आणि गेमचं पहिलं पान आलं. दोन ओळी. एक खेळाडू. दोन खेळाडू.

बाण दुसऱ्या ओळीवर लुकलुकत होता. त्याने फोन लावला.

"कृतिका, त्या गेममध्ये दोघांना खेळता येतं का?"

"नाही. म्हणून तर आम्ही भांडायचो. दुसरी ओळच नव्हती त्यात. का?"

त्याने फोन ठेवला.

बाण अजून तिथेच आहे. त्याने बटण दाबलेलं नाही. कृतिका रोज सकाळी फोन करते. त्याने उचलला की काही न बोलता ठेवते.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. टीव्हीसमोर गेमचे दोन रिमोट होते. दुसरा नवा, ठाण्याहून आणलेला. वायर जोडलेली नव्हती.

कशाला आणलास, हे मला विचारवलं नाही.