टायरला तेल

ही गोष्ट बनवलेली नाही. बनवायचीच असती, तर शेवट जरा बरा केला असता.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. एरंडोलजवळचं एक गाव. रात्र नव्हे, अमावस्या नव्हे... भर दुपार. खानदेशातली वैशाखाची दुपार, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशी. भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्याने ही दुपार पाहिलेली नसते.

समाधानला मुराळी म्हणून धुळ्याला जायचं होतं. बहिणीला, सोनलला, सणासाठी माहेरी आणायला. आखाजीला न्यायला येणाऱ्या भावाची सासुरवाशिणी कशा वाट बघतात, ते इकडच्यांना सांगायला नको. त्यात सोनलने फोनवर बजावलेलं, "सम्या, एसटीने आलास तर दार उघडणार नाही. भाऊच्या गाडीवर ये."

भाऊ म्हणजे सुकदेव. सगळ्यांत थोरला. तीन वर्षांपूर्वी असाच तिला आणायला निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे, वळणावर मोटारसायकल घसरून गेला. टायर नवेकोरे होते. लोक म्हणाले, रस्त्यावर वाळू असेल.

वाळू नव्हती.

हे दोघांनाच माहीत. एक समाधान आणि दुसरा टायरवाला निंबाभाऊ. सुकदेवने नवे टायर बसवून गाडी घरी आणली, तेव्हा त्यांच्या आईने, ताईबाईने, कौतुकाने ते शेंगदाण्याच्या तेलाने चोळून काढले. पोळ्याला बैलांची शिंगं, खुरं चोळायची, तसेच. गाडीला नवे पाय आले, ते चमकायला नकोत? नवं रबर आधीच गुळगुळीत. त्यावर तेल...

तिला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार?

तीन वर्षं झाकून ठेवलेली ती गाडी समाधानने बाहेर काढली. टायर तडकले होते. निंबाभाऊने नवे बसवले आणि म्हणाला, "हे बघ, नवा टायर म्हणजे नवी सून. आधी धीराने घ्यायचं. पळवायची नाही, वळणावर वाकवायची नाही, ब्रेक कचकन दाबायचा नाही. शंभरेक किलोमीटर एकटाच फिर. रबर खरखरीत झालं की मग बहिणीला मागे बसव."

मग खाली मान घालून म्हणाला, "बाकी तुला माहीतच आहे."

समाधान रोज पद्मालयाच्या गणपतीपर्यंत जाऊन यायचा. इतका हळू, की पारावरून चिंधा ओरडला, "समाधानभाऊ, गाडी चालवतोस का वरात काढतोस?"

रबर खरखरीत होऊ लागलं. हात फिरवून त्याने खात्री केली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर...

टायर आरशासारखे चमकत होते.

आणि वास. शेंगदाण्याच्या तेलाचा.

त्याने साबण लावून ते घासले. आईला विचारलं, "माय, तू टायरले तेल लायं का?"

"मी कशाले लावू रे? मनी कंबर वाकत नही."

तो पुन्हा पद्मालयाला गेला. पुन्हा रबर खरखरीत झालं.

पुन्हा चमक आली.

मग त्या दुपारी तो पडवीत गाडीजवळच बसून राहिला. गाव झोपलेलं. पानही हलत नव्हतं. चिमण्यांचा आवाज कधी बंद झाला, ते त्याला कळलंच नाही.

आणि मग...

चप... चप... चप...

रबरावर तळहात फिरतो, तसा आवाज. समोर कोणीच नाही. पुढच्या टायरवर मात्र खालून वर, हळूहळू, चमक चढत होती.

तो घरात पळाला. आई खाटेवर झोपली होती. डोळे मिटलेले. पण तिचा उजवा हात...

हवेत गोल फिरत होता.

बाहेर आवाज येत होता. चप... चप...

त्याने तिचं मनगट धरलं. बाहेरचा आवाज थांबला. तिचा तळहात अगदी कोरडा होता.

आता गप्प राहून चालणार नव्हतं. मागच्या सीटवर सोनल बसणार होती. एक भाऊ गेला तो गेला, बहीण तरी घरी पोचायला हवी.

त्याने आईला उठवलं आणि सगळं सांगून टाकलं.

ताईबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे मना सुकाले मीच मारं?"



ती उठली. भिंतीवरच्या सुकदेवच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. जिवंत माणसाशी बोलावं तशी बोलली, "सुका, धीरे जाय रे बापा. टायर नवा शेतस. धीरे जाय."

त्यानंतर तेल दिसलं नाही. टायर हवे तसे झाले. समाधानने बहिणीला कळवलं, "उद्या येतो."

सकाळी पडवी रिकामी होती.

किल्ली खिळ्याला लटकत होती. गाडी नव्हती.

तो गावभर शोधतोय, तोवर धुळ्याहून सोनलच्या सासूबाईंचा फोन. "अहो, चहा तरी घ्यायचा होता! एवढी काय घाई?"

"कोणी?"

"तुम्हीच की. हेल्मेट काढलं नाही, बोलला नाहीत. सोनल मागे बसली आणि निघालात पण."

समाधानने सोनलला फोन लावला. तिने उचलला. मागे वारा आणि इंजिनाची संथ धडधड.

"हॅलो, कोण?"

"सोनल, मी सम्या. उतर! आत्ताच्या आत्ता उतर!"

ती हसली. "चल, चेष्टा नको. सम्या माझ्यापुढे बसलाय..."

 मग नुसता वारा.

"...मग हा कोण आहे?"

फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही.

पोलिसांनी धुळे ते एरंडोल सगळा रस्ता तपासला. दवाखाने पाहिले, विहिरी पाहिल्या. गाडी नाही, सोनल नाही. रक्ताचा थेंब नाही, घसरल्याची खूण नाही. जावई येऊन समाधानच्या अंगावर धावून गेला, आणि समाधानने मुकाट मार खाल्ला.

ताईबाई दारात उभी असते. जेव म्हटलं तर म्हणते, "येवा दे त्यास्ले. धीरे येई ऱ्हायनात."

पारोळ्याच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. समाधान दुपारी तिथे जाऊन बसतो. टपरीवाला का बसलास म्हणून विचारत नाही, कारण त्यालाही ते ऐकू येतं.

ऊन डोक्यावर आलं की धुळ्याच्या बाजूने मोटारसायकलीचा आवाज येतो. अगदी हळू, सायकलवालाही पुढे निघून जाईल इतका. रस्ता रिकामाच असतो.

समाधान रस्त्यावर उतरतो. हात आडवे पसरून उभा राहतो. आवाज त्याच्या अंगावरून पुढे जातो, एरंडोलच्या दिशेने, आणि गावाला कधीच पोचत नाही.

आणि जाता जाता, अगदी कानाशी, उन्हाने दमलेली सोनल म्हणते...

"भाऊ, जरा जोरात घे ना रे... माय कधीची दारात उभी असेल."