वाचलेला वेळ

नाशिकच्या उपकरण-परीक्षण केंद्रात हेमकांत दाभोळे यांनी बावीस वर्षांत सहाशेहून अधिक कळफलक तपासले होते, आणि आताशा त्यांना कुठल्याच कळेचा आवाज सहन होत नसे. समोरचा काळा यांत्रिक कळफलक खास संगणक-खेळाडूंसाठी बनवलेला. चौदा महिने ते रोजचं सगळं काम त्याच्यावरच करत होते. आज अहवालावर सही करायची आणि आठवडाभर कशालाही हात लावायचा नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कंपनीकडून ऋजुता केंकरे आली होती. कळफलकाला ज्याच्या-त्याच्या हाताशी जुळवून घेणारी आज्ञावली तिनेच लिहिलेली.

"अहवाल वाचणाऱ्याला कळेल असं सांगा," ते म्हणाले. "ही नेमकं करते काय?"

"प्रत्येक कळेखाली चुंबक आहे सर. कळ किती खाली गेली ते सेकंदाला आठ हजार वेळा मोजलं जातं. साध्या कळफलकात कळ दोन मिलिमीटर दाबली की अक्षर उमटतं. आमची आज्ञावली तुमच्या बोटांची सवय शिकते. बोट जेमतेम तीन दशांश मिलिमीटर उतरलं की ते खरंच दाबणार आहे का, हे तिला समजतं. अक्षर तिथेच पाठवते. बोटाचा उरलेला प्रवास वाचतो. याला आम्ही पूर्वस्पर्श म्हणतो."

"आणि बोट नुसतंच टेकलं असेल तर?"

"सोडून देते. थरथरून दोनदा दाबलं गेलं तरी एकदाच धरते."

तिने पडद्यावर आकडे आणले. पहिल्या महिन्यात दर दाबामागे बारा मिलिसेकंद वाचत होते, आता एकतीस.

"चाचणीसाठी कळा दाबणारं माझं यंत्रबोट आहे, त्याचे पहिल्या दिवशी बारा वाचले आणि आजही बाराच," दाभोळे म्हणाले.

"यंत्राला सवयी नसतात. तुमच्याकडून आज्ञावली अजून शिकतेय."

वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. अहवालाच्या तक्त्यात डाव्या-उजव्या हाताचे वेगळे रकाने होते, तेवढे भरून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी आकडे फोडायला सांगितले.

उजवा हात: तेव्हा बारा, आता बारा. डावा हात: तेव्हा बारा, आता पन्नास.

दाभोळ्यांनी पडद्यावरच्या पन्नासावर बोट ठेवलं.

"तुमच्या आज्ञावलीला डावं-उजवं कळतं?"

"नाही. दोन्ही हातांना नियम एकच."

"अक्षर पहिल्या दिवशीही तीन दशांशावरच जात होतं?"

"हो. त्याहून लवकर पाठवताच येत नाही."

"मग वाचलेला वेळ वाढेल कशाने?"

ती आकड्यांकडे पाहत म्हणाली, "उरलेल्या प्रवासाला... बोटच जास्त वेळ घेत असेल तर."

तिने न सांगताच पुढचा तक्ता उघडला. आज्ञावलीने सोडून दिलेले डाव्या हाताचे चुकीचे स्पर्श पहिल्या महिन्यात दिवसाला सहा होते. या महिन्यात नऊशे.

दाभोळ्यांनी डावा हात मांडीवर घेतला. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पेला धरताना बोटं आखडतात, हे सगळं त्यांनी वयावर आणि थकव्यावर ढकललं होतं. कामात एक चूक झाली असती तरी त्यांना शंका आली असती. पण आज्ञावलीने चूक पडद्यावर येऊच दिली नव्हती.

"सर, डॉक्टरांना दाखवा," ऋजुता म्हणाली.

"दाखवीन. चाचणीसाठी किती जणांना दिलाय हा?"

"चार हजार खेळाडूंना."

"त्यांच्यातल्या किती जणांचा एकाच हाताचा वेळ असा वाढतोय?"

ती शोधत बसली. दाभोळ्यांनी डोळे मिटून घेतले.

"एकोणीस," ती म्हणाली. "सर, सगळ्यांत चांगले अभिप्राय याच एकोणीस जणांचे आहेत. आमच्या जाहिरातीत त्यांचीच वाक्यं आहेत."

"असणारच. त्यांनाच तो सगळ्यांत जास्त उपयोगी पडतोय."

त्यांनी आज्ञावली बंद केली आणि अहवालाची अट टंकायला घेतली: 'कळफलक उत्तीर्ण. आज्ञावली किती चुका झाकते, हे वापरणाऱ्याला दिसल्याशिवाय ती मंजूर नाही.' डाव्या हाताची अक्षरं दुहेरी उमटत होती, काही उमटतच नव्हती. दोन ओळींना पाच मिनिटं लागली. ऋजुता पाहत होती, पण मदतीला पुढे आली नाही.

"कंपनीला हे आवडणार नाही," ती म्हणाली.

"नाहीच आवडणार. त्या एकोणीस जणांना मात्र आजच कळवा. मी इथेच बसतो."

तिने यादीतलं पहिलं नाव काढून फोन लावला. कंपनीचं नाव ऐकताच पलीकडची खेळाडू खुशीत आली आणि ऋजुताला बोलूच देईना. गेल्या वर्षभरात आपण किती वेगवान झालो आहोत, तेच ती सांगत राहिली.