चकती नंबर सहा

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात उत्कर्षा रोज सकाळी अकराला सॉल्ट स्प्रेच्या पेटीचं झाकण उघडायची. आत रात्रंदिवस खाऱ्या पाण्याची फवारणी चालू असे, झाकण उघडलं की तेवढ्यापुरती थांबे. समुद्रकाठच्या पंपांवर बसणाऱ्या, ताटलीएवढ्या बारा पोलादी चकत्या तिथे तिरप्या उभ्या होत्या. त्यांच्यावरचं कोटिंग किती तास गंजाला दाद देत नाही, ते बघायचं होतं. जुनं कोटिंग चारशे तासांत फुगायचं. उत्कर्षाने दोन वर्षं खपून जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचं नवं कोटिंग तयार केलं होतं. ग्राहकाला हजार तास हवे होते. ते भरले नाहीत, तर कोटिंगचा विभाग बंद होणार आणि बावीस माणसं घरी बसणार, हे साहेबांनी तिला चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

सोळाव्या दिवशी सहा नंबरच्या चकतीवर पाच तांबूस ठिपके उठले.

तिने भिंग लावलं. ते बोटांचे ठसे होते, रेषा न् रेषा गंजाने भरलेली. तिला राग आला, नवल वाटलं नाही. उघड्या हाताने पोलाद धरलं की घामातलं मीठ मागे राहतं. त्यावर कोटिंग चढतं आणि कधीतरी तो ठसा खालून वर येतो. कुणीतरी हातमोजे न घालता काम केलं होतं.

विभागाचे सुपरवायझर सुखदेव पन्नाशी उलटलेले, कोरड्या बोलण्याचे. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, स्टॅम्पपॅड आणलं आणि आधार कार्डाचं काम आता इथेच सुरू झालंय असं समजा, म्हणाले. एकाचाही ठसा जुळला नाही. चकतीवरच्या पहिल्या बोटावर तिरका वण होता. तसा वण कुणाच्याच बोटावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोटांखाली तळवाही उमटला होता. सुखदेव बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हा डावा हात आहे, मॅडम. कोंडीरामांचा.”

कोंडीराम पूर्वी याच शेडमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. लहानपणी ऊस तोडताना कोयता लागून बोटावर वण राहिलेला, तो इथल्या जुन्या माणसांना ठाऊक होता. उत्कर्षाला हायसं वाटलं. भेटायला आले असतील, सहज हात लावला असेल, असं ती म्हणाली.

“तो हात अठरा वर्षांपूर्वी प्रेसखाली गेला,” सुखदेव म्हणाले. “मीच त्यांना रिक्षात घातलं होतं.”

रविवारी दोघं मांजरी गावात कोंडीरामांच्या घरी गेले. चकतीचं काही बोलायचं नाही, असं रस्त्यातच ठरलं होतं. कोंडीराम पडवीत खुर्चीवर बसले होते. डावी बाही मनगटाखाली दुमडून पिनेने टाचलेली. त्यांच्या पत्नी मुक्ताईंनी पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच सांगू लागल्या. दोन आठवडे झाले, यांना झोप नाही. नसलेल्या हाताचा त्रास होतो. डॉक्टर म्हणतात, नसा विसरत नाहीत.

“दुखत न्हाई,” कोंडीराम म्हणाले. “गार लागतं. पाण्याची बारीक भुरभुर पडत ऱ्हाती, खारं पानी. सकाळी अकराच्या सुमाराला वाईच थांबती. कुनीतरी झाकण उघडतं बघा.”

सुखदेव पडवीसमोरच्या उसाकडे बघू लागले. उत्कर्षाने हातातला पेला खाली ठेवला.

सोमवारी ती लवकर पोचली. बसवेना म्हणून शेडमध्ये तीन फेऱ्या मारल्या. पेटीला काळा-पांढरा डिस्प्ले होता, त्यावर तासांचे आकडे पुढे सरकत होते. मध्येच बंद केलं की चाचणी रद्द. योगायोग, नसा, म्हातारपण, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. सुखदेव भिंतीला टेकून उभे होते, निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला होता.

तिने बटण बंद केलं.

फवारणीचं नोझल चोंदल्यामुळे चाचणी थांबवावी लागली, असं तिने अहवालात लिहिलं. नोकरीतलं हे तिचं पहिलं खोटं. ग्राहकाने कुरकुरत आणखी एक संधी दिली. सहा नंबरची चकती कुणी ब्रशने घासायला निघालं, तर तिने ती ओढूनच घेतली. हातमोजे घालूनच कोमट पाण्याने धुतली, मऊ फडक्यात गुंडाळली आणि आपल्या कपाटात ठेवली. इतक्या हळुवारपणे ठेवताना कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने मागे वळून बघितलं.

नव्या बारा चकत्यांनी हजार तास ओलांडले. एक डाग नाही. विभाग टिकला, पेढे वाटले गेले. सुखदेवांनी दोन घेतले आणि एक कोंडीरामांसाठी कागदावर ठेवला.

त्याच आठवड्यात दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुक्ताईंचा फोन आला. आता बरे हायत, म्हणाल्या. झोप लागती. गारठा गेला.

“हात उबदार हाय म्हणत्यात. कुनीतरी धरून बसल्यावानी.”

फोन ठेवून उत्कर्षा उठली. प्रेस थांबलेले होते. पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

तिने कपाट उघडलं.

फडकं कोरडं होतं. तळवा होता तिथेच, होता तसाच.

त्याच्या बोटांमध्ये दुसरी बोटं अडकवलेली होती. बारीक, गंजाच्या ताज्या केशरी रंगाची.

तिने भिंग घेतलं आणि ती वाकली.

त्या बोटांवर रेषाच नव्हत्या; हातमोज्याच्या बोटांवर नसतात, तशा.